शब्द टाकला जातो, तेव्हा...

गणपतीचे दिवस होते. नेमके साल आता आठवत नाही. पण धारूरमध्ये रंगीत टीव्ही मोजक्याच घरांत होता आणि व्हिडिओचा सेट भाड्याने आणून रात्रभर सिनेमे पाहण्याची टूम नुकतीच गल्लोगल्ली पोहोचली होती, एवढे नक्की. आमच्या गल्लीतल्या मंडळाने वर्गणीतून उरलेल्या पैशांत एका रात्रीचा सेट आणि तीन कॅसेट ठरवल्या. पहिली पौराणिक, बायामाणसांसाठी. दुसरी विनोदी, सगळ्यांसाठी. आणि मध्यरात्रीनंतरची तिसरी पोरांच्या पसंतीची, म्हणजे मारामारीची. कॅसेट आणायला गेलेल्याने दुकानदाराला सांगितले, "पोलिसांचा दे, जोरदार दे." त्याने दिलेल्या कॅसेटवर नाव होते 'अर्धसत्य'.

धारूर बालाघाटाच्या डोंगरावर. भाद्रपदातल्या रात्री इथे हवेत गारवा असतो. तिसरा सिनेमा लागेपर्यंत निम्मी गल्ली घरी जाऊन झोपली होती. उरलेले आम्ही पंधरा-वीस जण घोंगड्या पांघरून पडद्यापुढे सरकलो. दहा मिनिटे गेली, अर्धा तास गेला. मनासारखी मारामारी काही होईना. "आरं, हे तर नुसतं बोलायलेत!" मागून कुणीतरी वैतागून म्हणाले. तरीही कुणी उठून गेले नाही. आणि अगदी शेवटी सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकरचे हात रामा शेट्टीच्या गळ्याभोवती आवळले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. मीही मारली.

सेट बंद झाला. सतरंज्या गोळा होऊ लागल्या. शेजारच्या ओट्यावर भिंतीला टेकून गल्लीतले जमादारमामा बसले होते. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर पोलिसात भरती झालेले आणि आता निवृत्त झालेले. सिनेमाभर त्यांनी तोंड उघडले नव्हते. उठता उठता ते म्हणाले, "पोरांनो, त्या रेडिओवाल्याचं काय?"

"कोण रेडिओवाला, मामा?"

"तेच तर इचारतोय," असे म्हणून ते काठी टेकत घरात गेले.

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. रेडिओवाला कोण, हे आमच्यापैकी एकालाही पटकन आठवले नाही. मामांचा तो प्रश्न मला पुढे पुष्कळ वर्षे पुरला. तो नीट कळण्यासाठी हा चित्रपट मला आणखी तीनदा पाहावा लागला.

मराठी माणसांचा हिंदी चित्रपट

'अर्धसत्य' प्रदर्शित झाला १९८३ मध्ये. भाषा हिंदी, पण त्याचा पिंड मराठी आहे. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, तिचे नाव 'सूर्य'. पटकथा विजय तेंडुलकरांची. संवाद लिहिले वसंत देवांनी. मराठी नाटके हिंदीत नेण्याचे मोठे काम केलेला हा माणूस. चित्रपटाचे नाव आले ते दिलीप चित्रे यांच्या कवितेतून. दिग्दर्शन आणि छायाचित्रण ही दोन्ही कामे गोविंद निहलानींनी केली आणि संकलन रेणू सलुजा यांनी. निहलानींचा तेंडुलकरांशी संबंध जुना होता. सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये 'शांतता! कोर्ट चालू आहे' पडद्यावर आणले, तेव्हा कॅमेरा निहलानींच्या हातात होता. आणि निहलानींचा दिग्दर्शक म्हणून गाजलेला 'आक्रोश' (१९८०) तेंडुलकरांनीच लिहिलेला होता.

ओम पुरी यांना वेलणकरच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या वर्षीचा उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही 'अर्धसत्य'लाच मिळाला. पण पुरस्कारांपेक्षा मोठी गोष्ट ही, की मोठे नायक-नायिका नसलेला, नाचगाणी नसलेला, ज्याला तेव्हा 'समांतर' म्हणत अशा जातीचा हा चित्रपट सर्वसामान्य प्रेक्षकांनी गर्दी करून पाहिला.

चाळीस वर्षांहून जुन्या चित्रपटाची गोष्ट सांगितली म्हणून वाचक रागावणार नाहीत, या भरवशावर ती थोडक्यात सांगतो. अनंत वेलणकर हा मुंबई पोलिसातला तरुण, प्रामाणिक फौजदार. त्याचे वडील खेड्यात राहणारे निवृत्त पोलीस शिपाई. अनंतला पुढे शिकायचे होते. वडिलांच्या धाकाने तो खात्यात आला. एका पार्टीत त्याची महाविद्यालयात शिकवणाऱ्या ज्योत्स्ना गोखलेशी ओळख होते आणि ओळखीचे रूपांतर प्रेमात. इकडे हद्दीत रामा शेट्टी नावाचा दादा आहे. वेलणकर त्याच्या माणसांना हात घालतो, पुढे खुद्द त्यालाही हात घालायला जातो आणि प्रत्येक वेळी कुणीतरी वरून त्याचा हात धरते. तो पिऊ लागतो. एका रात्री कोठडीतल्या भुरट्या चोराला तो इतके मारतो की तो मरतो. वेलणकर निलंबित होतो. आता त्याला फक्त एकच माणूस वाचवू शकतो, तो म्हणजे रामा शेट्टी. आणि तो तोवर महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहिलेला, लोकांचा पुढारी झालेला आहे. वेलणकर त्याच्या दारी जातो. शेट्टी त्याला वाचवायला तयार आहे. अट एकच, यापुढे माझा माणूस म्हणून राहा. त्या क्षणी वेलणकर त्याचा गळा दाबतो आणि स्वतःच ठाण्यात जाऊन हजर होतो.

गोष्ट एवढीच. गोष्टीत खून आहे, गुंड आहेत, दरोडेखोराला डोंगरात जाऊन पकडणेही आहे. तरी चित्रपट संपल्यावर कानात राहते ते बोलणे.

गुन्हा कुठे घडतो?

आपल्याकडे 'शब्द टाकणे' असा एक वाक्प्रचार आहे. मुलाच्या प्रवेशासाठी शब्द टाकायचा. बदलीसाठी शब्द टाकायचा. कारखान्याकडून उसाला तोड लवकर मिळावी म्हणून शब्द टाकायचा. आमच्या भागात, जिथे दसरा-दिवाळीनंतर गावेच्या गावे ऊसतोडीला बाहेर पडतात, तिथे मुकादमापासून आमदारापर्यंत सारा व्यवहार या शब्दावर चालतो. त्या काळी फोन तर आणखी दुर्मीळ. पोस्टात ट्रंक कॉल लावून ताटकळत बसायचे. ज्याच्या घरी फोन, त्याच्या ओटीवर माणसे. "साहेब, एक फोन करा ना," हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यात काही वावगे आहे, असे कुणाला कधी वाटले नाही.

'अर्धसत्य' हा या 'शब्द टाकण्या'चा चित्रपट आहे. त्यातले खरे गुन्हे रस्त्यावर घडत नाहीत. ते घडतात दोन माणसे समोरासमोर बसून बोलत असताना. बहुतेक वेळा चहा पिताना, हळू आवाजात, एकमेकांना मान देत.

पहिली गाठ पाहा. झोपडपट्टीतला एक गरीब माणूस तक्रार घेऊन येतो. काही गुंड त्याच्या बायकोला छळतात. वेलणकर त्या गुंडांना धरतो, कोठडीत घालतो, चांगले बदडतो. आपण खूष होतो. आणि मग कळते की ते एका आमदाराचे कार्यकर्ते होते. आमदाराला वेलणकरचे निलंबन हवे आहे. आता काय करायचे? त्याचा वरिष्ठ, इन्स्पेक्टर हैदर अली, त्याला समजावतो. शफी इनामदारांनी हा हैदर अली असा रंगवला आहे की तो आपल्याला आपल्या थोरल्या भावासारखा वाटतो. तो लाचखोर नाही, दुष्ट नाही. त्याला वेलणकरची खरोखर काळजी आहे. तो एवढेच सुचवतो की देसाई नावाचा एक माणूस आहे, त्याची दिल्लीपर्यंत ओळख आहे, त्याच्याकडून काम होईल. काम होते. वेलणकर वाचतो.

पण वाचतो तो कसा? ज्या रस्त्याने आमदाराचे गुंड सुटतात, त्याच रस्त्याने. हैदर अलीचे ते बोलणे प्रेमाचे आहे आणि वेलणकरच्या अधःपाताची पहिली पायरीही तेच आहे. चित्रपट हे मोठ्या आवाजात सांगत नाही. प्रेक्षकालाही त्या वेळी हायसेच वाटते. 'सुटला बिचारा!' इथेच आपण त्या व्यवहारात सामील होतो.

दुसरी गाठ शेट्टीच्या अड्ड्यावर. शेट्टीच्याच एका माणसाला भयंकर भाजलेल्या अवस्थेत टाकून दिलेले असते. वेलणकर त्याला इस्पितळात पोहोचवतो, तो माणूस शेट्टीचे नाव घेतो. आता पुरावा हातात आहे. वेलणकर तावातावाने शेट्टीला अटक करायला जातो. शेट्टी दचकत नाही, पळत नाही, पिस्तूल काढत नाही. तो फोन करतो. वरच्या साहेबाशी चार शब्द होतात आणि वेलणकरला रिकाम्या हाताने परतावे लागते.

मारधाडीच्या चित्रपटात या जागी दहा मिनिटांची हाणामारी झाली असती आणि नायक जखमी होऊनही जिंकला असता. इथे एक फोन होतो आणि नायकाच्या अंगावर ओरखडाही न उठता तो हरतो. त्या रात्री धारूरला आम्ही ज्याला 'नुसतं बोलायलेत' म्हणत होतो, ती खरी मारामारीच होती. फक्त मार कुठे लागतोय, ते आम्हाला दिसत नव्हते.

या प्रसंगातले अमरापूरकर विसरता येत नाहीत. सदाशिव अमरापूरकर शेजारच्या अहमदनगरचे, म्हणून आमच्याकडे त्यांच्याबद्दल जरा जास्तच जिव्हाळा. 'हँड्स अप' या मराठी नाटकातले त्यांचे काम पाहून निहलानींनी त्यांना ही भूमिका दिली. त्यांच्या आधी हिंदी पडद्यावरचा खलनायक म्हणजे झगमगीत अड्डा, सिगार, गडगडाटी हसू. अमरापूरकरांचा शेट्टी आवाज चढवत नाही. डोळ्यांची फार हालचाल करीत नाही. बाजारात दुकानाच्या गादीवर बसलेला व्यापारी गिऱ्हाइकाला दर सांगतो, तसा तो बोलतो. भीती वाटते ती याचीच, की हा माणूस आपण कुठेतरी पाहिलेला आहे.

चार पेडांची वेणी

हा चित्रपट एका माणसाच्या बदल्याची सरळ गोष्ट नाही. त्यात चार गोष्टी एकमेकींत गुंफल्या आहेत आणि त्या सगळ्या वेलणकरच्या अंगावरून जातात.

एक गोष्ट घराची. अमरीश पुरींनी केलेला बाप कठोर आहे. तो आईला मारायचा आणि लहानगा अनंत दाराशी उभा राहून ते पाहायचा. काही करू शकायचा नाही. ते न करता येणे त्याच्या हातांत साठून राहिले आहे. पुढे तो जेव्हा जेव्हा हात उगारतो, तेव्हा तो समोरच्या गुंडाला मारतो आहे की त्या जुन्या दृश्याला, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट ज्योत्स्नेची. स्मिता पाटील या चित्रपटात फार थोड्या वेळ दिसतात. पण वेलणकरला प्रश्न विचारणारे तेच एक माणूस आहे. तिला तो आवडतो आणि त्याच्या वर्दीची तिला भीती वाटते. तिच्याकडच्या पुस्तकातली चित्र्यांची कविता वेलणकर वाचतो, तो प्रसंग बोलपटाच्या इतिहासात जपून ठेवावा असा आहे. कवितेत चक्रव्यूह आहे. आत शिरणारा आणि बाहेर पडण्याची वाट आहे. वेलणकर सहज म्हणून वाचायला लागतो आणि हळूहळू त्याचा आवाज बदलतो, कारण हे आपल्याबद्दल आहे, हे त्याला वाचता वाचता कळते. ओम पुरींच्या खरबरीत चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटते, त्यासाठी वेगळा संवाद लिहावा लागला नाही.

तिसरी गोष्ट ठाण्याची: हैदर अली, देसाई, आमदार, वरचे साहेब आणि रामा शेट्टी. आणि चौथी, माइक लोबोची. नसीरुद्दीन शाह यांचा लोबो हा निलंबित झालेला, दारूत बुडालेला जुना पोलीस अधिकारी. रस्त्यावर भीक मागत फिरणारा. तो गोष्टीत फारसे काही करत नाही. मधूनमधून वेलणकरसमोर येऊन उभा राहतो, एवढेच. पण तो दिसला की वेलणकर अस्वस्थ होतो, कारण तो त्याचा उद्या आहे.

आता या चौघींची वीण पाहण्यासारखी आहे. एका गोष्टीत बसलेला फटका दुसऱ्या गोष्टीत वळ होऊन उमटतो. शेट्टीच्या अड्ड्यावर अपमान होतो, त्याची झळ ज्योत्स्नेला लागते. डोंगरात जिवावर उदार होऊन पकडलेल्या दरोडेखोराचे श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला दिले जाते. त्याचा राग कोठडीतल्या माणसावर निघतो. बापाने पेरलेले मुंबईतल्या ठाण्यात उगवते. रेणू सलुजांच्या संकलनाने हे धागे असे जोडले आहेत की प्रेक्षकाला सांधा दिसत नाही. फक्त गाठ आवळत चालल्याचे जाणवते.

अशा गुंफणीच्या आणि बोलक्या गुन्हेपटांचे कौतुक पुढे जगभर झाले. अमेरिकेतल्या क्वेंटिन टॅरंटिनोच्या 'पल्प फिक्शन'ला १९९४ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार आणि नंतर पटकथेचे ऑस्कर मिळाले. त्यातले भाडोत्री मारेकरी खून करायला निघताना युरोपात कुठल्या खाण्याला काय म्हणतात, यावर गप्पा मारतात आणि गोष्टींचा क्रम पत्ते पिसावेत तसा पिसलेला असतो. तिथे बोलणे ही गंमत आहे. ती अव्वल आहे, यात वाद नाही. 'अर्धसत्य'मध्ये मात्र एकही माणूस गंमत म्हणून बोलत नाही. प्रत्येक जण समोरच्याकडून काहीतरी काढून घेण्यासाठी बोलतो आहे.

आणि अशी गुंफण आपल्याला परकी कधीच नव्हती. कीर्तनकार पूर्वरंगात एक विचार मांडतो, उत्तररंगात आख्यान लावतो, मध्येच दृष्टांत सांगतो, विषय कुठल्या कुठे नेतो आणि शेवटी सगळे दोर एका खुंटीला आणून बांधतो. रात्रभर ते ऐकणारा, सांधे जुळवत बसणारा श्रोता आमच्या बीड जिल्ह्यात गावोगाव आहे. त्याला 'अर्धसत्य' कळायला कुठल्या चित्रपट-रसग्रहण शिबिराची गरज नाही.

तेंडुलकरांचे कोतवाल

तेंडुलकरांनी सत्तेचा हा व्यवहार आयुष्यभर न्याहाळला. १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'मधला घाशीराम अपमानाने पेटतो आणि पुण्याची कोतवाली मिळवण्यासाठी पोटची मुलगी नाना फडणवीसांना देतो. सौदा करून तो पोलीस होतो आणि त्या सौद्याखालीच चिरडला जातो. 'अर्धसत्य'चा वेलणकर ही घाशीरामची उलटी बाजू. तो आधी पोलीस आहे आणि त्याच्यापुढे सौदा नंतर येतो. घाशीराम होय म्हणतो, वेलणकर नाही म्हणतो; संपतात दोघेही. नाना फडणवीस आणि त्यांच्यासारखे फोनच्या पलीकडचे साहेब मात्र शाबूत राहतात.

या दोन कलाकृतींच्या मधे 'सामना' आहे. डॉ. जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनीच लिहिलेला. आमच्या साखरपट्ट्याच्या अगदी जवळचा. निळू फुल्यांचे हिंदूराव धोंडे-पाटील आणि डॉ. लागूंचे मास्तर यांच्यातला सगळा झगडा बोलण्यातला आहे. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, हा एकच प्रश्न एक दारुडा म्हातारा विचारत राहतो आणि त्या प्रश्नाने साखरसम्राटाचे साम्राज्य हादरते. एका नाहीशा झालेल्या माणसाचे नाव घेत राहणे, एवढेच त्या मास्तरचे शस्त्र.

आणि हे लक्षात आल्यावर मला जमादारमामांचा ओट्यावरचा प्रश्न ऐकू आला. त्यांनी तरी दुसरे काय विचारले होते?

रेडिओवाला

तो रेडिओवाला म्हणजे कोठडीत मेलेला भुरटा चोर. त्याच्यावर आळ होता एक लहानसा रेडिओ चोरल्याचा. वेलणकर त्या वेळी प्यायलेला आहे, अपमानाने पेटलेला आहे. दुसऱ्यांच्या हक्काचे चोरतोस, असे ओरडत तो त्याला मारत सुटतो. शब्द शेट्टीला उद्देशून आहेत, आमदाराला, वरच्या साहेबांना, बापाला. मार मात्र त्याच्या हाताशी असलेल्या, कुणीही ज्याच्यासाठी शब्द टाकणार नाही, अशा एका माणसाला बसतो.

त्या रात्री आम्ही हे दृश्य पाहिले होते. पण पाहून विसरलो होतो. आम्हाला वाईट वाटले ते वेलणकरचे. आता याची नोकरी जाणार म्हणून. मेलेल्याचे नावही आम्ही लक्षात ठेवले नाही. आणि शेवटी शेट्टी मेला तेव्हा सगळा हिशेब चुकता झाला, अशा आनंदात शिट्ट्या मारल्या. चित्रपटाचे नाव 'अर्धसत्य' का, हे त्या शिट्टीने नेमके दाखवून दिले होते. शेट्टीला मारले, हे अर्धे सत्य. ज्या हातांनी मारले, ते हात आधीच एका निरपराध म्हणावे अशा माणसाच्या मरणाने बरबटले होते, हे उरलेले अर्धे.

पोलिसी चित्रपटांच्या रांगेत 'अर्धसत्य' वेगळा उभा राहतो तो यामुळे. १९७३ च्या 'जंजीर'मधल्या इन्स्पेक्टर विजयचा राग आपल्याला आपलाच वाटला, कारण तो योग्य माणसावरच निघत होता. २०११ च्या 'सिंघम'पर्यंत ही परंपरा अखंड चालली आहे. या सगळ्यांत नायकाच्या हाताला डोळे असतात. तो चुकत नाही. मुंबईत १९८२ च्या जानेवारीत मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळीने वडाळ्यात मारला गेला आणि तिथून पुढच्या दोन दशकांत 'एन्काउंटर' हा शब्द मराठी घराघरांत रुळला. लोकांनी त्याचे कौतुकही केले. 'अर्धसत्य' त्या लाटेच्या तोंडाशी आलेला चित्रपट आहे. त्याने दाखवून ठेवले होते की रागाला डोळे नसतात आणि वर्दीतल्या रागाला सगळ्यात आधी सापडतो तो दुबळा माणूस.

कोठडीतला माणूस हा कायद्याच्या दृष्टीने राज्याच्या स्वाधीन असलेला माणूस; त्याची जबाबदारी राज्याची. हे साधे तत्त्व ठसायला आपल्याला बराच काळ लागला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ मध्ये स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याने कोठडीतला प्रत्येक मृत्यू चोवीस तासांत कळवण्याचे बंधन घातले. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये अटकेचे नियम घालून दिले: अटक करणाऱ्याच्या नावाचा बिल्ला स्पष्ट दिसला पाहिजे, अटकेची नोंद साक्षीदाराच्या सहीने झाली पाहिजे, नातलगाला कळवले पाहिजे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याच न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. हे नियम वाचताना वाटते, यातला एक जरी त्या पडद्यावरच्या ठाण्यात पाळला गेला असता, तरी रेडिओवाला सकाळी जिवंत असता. आणि वेलणकरही कदाचित सावरला असता. असे नियम आरोपीइतकेच पोलिसालाही वाचवतात.

मामांना मी या प्रश्नाबद्दल पुढे एकदाच विचारले. बरीच वर्षे झाली होती. त्यांचे वय झाले होते. ओट्यावर ऊन खात बसले होते. "मामा, तुम्हाला त्या रात्री एकट्यालाच तो कसा लक्षात राहिला?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी एकदा असा उभा होतो, बाबा. दाराशी. मी हात लावला न्हाई. पर उभा होतो." कुठल्या ठाण्यात, कधी, काय झाले, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. "सायबानं नंतर इचारलं, काय पाह्यलं? म्हनलं, काय न्हाई." एवढे बोलून त्यांनी तोंड फिरवले.

'काय न्हाई' हे दोन शब्द. असाच एक शब्द टाकला जातो, असाच एक शब्द गिळला जातो आणि एक माणूस हिशेबातून नाहीसा होतो. लहानपणी दाराशी उभा राहून बापाचा मार पाहणारा अनंत आणि आमचे मामा यांच्यात मला तेव्हापासून फार अंतर वाटत नाही.

पुन्हा पाहताना

ओम पुरी २०१७ मध्ये गेले. अमरापूरकर २०१४ मध्ये, तेंडुलकर २००८ मध्ये, स्मिता पाटील तर त्याही पूर्वी, १९८६ मध्ये. पडद्यावर मात्र ही माणसे अजून एकमेकांशी बोलत आहेत. एखाद्या रविवारी घरातल्या जाणत्या मुलांना घेऊन 'अर्धसत्य' पाहायला हरकत नाही. कोठडीतला प्रसंग कठीण आहे. लहानांना तेव्हा आत पाठवावे. मोठ्या मुलांना मात्र पाहू द्यावे आणि नंतर त्यांच्याशी बोलावे.

पाहताना मारामारीची वाट पाहू नये. कोण कुणाशी किती हळू बोलतो आहे, इकडे लक्ष ठेवावे. कोण कुणाला बसायला सांगतो, कोण उभाच राहतो, फोन कोण उचलतो, हे पाहावे. हैदर अली देसाईचे नाव घेतो तेव्हा आपल्याला हायसे वाटले का, हे स्वतःला विचारावे. बहुतेकांना वाटेल. मलाही दर वेळी वाटते. आपल्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी कुणाकडून तरी शब्द टाकून घेतलेला आहे आणि तो शब्द पुढे कुठल्या दारावर जाऊन आदळला, हे कधी पाहिलेले नाही.

जमादारमामा जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली. गल्लीतला तो ओटा पाडून तिथे दुकानाचा गाळा निघाला आहे. गणपतीत व्हिडिओ कुणी आणत नाही. ज्याचा त्याचा सिनेमा ज्याच्या त्याच्या हातात असतो. मध्यंतरी घरी मुलांबरोबर 'अर्धसत्य' पाहिला. शेट्टीच्या गळ्याभोवती हात आवळले तेव्हा धाकटा आनंदाने ओरडला. मी त्याला रागावलो नाही. चित्रपट संपू दिला, दिवा लावला आणि मग विचारले,

"बरं, त्या रेडिओवाल्याचं काय?"